आईच्या हातावरचा मांडा

आमच्या मुक्ताईनगरच्या बाजूला पुरणाचा मांडा नुसता लाटत नाहीत. थोडा लाटून मग दोन्ही हातांवर झुलवत मोठा करतात आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकतात. आईचा मांडा गल्लीत सगळ्यात मोठा व्हायचा. मग तिची मनगटं, बोटं सुजली. सकाळी वेणीही घालता येईना. काकूचं म्हणणं, खापरावरून उठून गरम हात थंड पाण्यात घातले, म्हणून हे झालं. आईलाही ते पटलं. चूक आपली, तर भोगायचंही आपणच, असं ती धरून बसली.

जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते हे ऐकून आईने त्या तशाच ठेवून दिल्या.

त्याच सुमारास बीएस्सीच्या वर्गात मला सेमिनार द्यायचा होता. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोणाला काय विचारावं हेही कळायचं नाही. विषय मात्र आईमुळे ठरला: संधिवातात कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या, पेशींवर उलटणाऱ्या अँटीबॉडीज. दुखण्याचं हे एवढंच कारण नसतं, हेही वाचलं होतं. सरावासाठी आई आणि काकूला समोर बसवलं. शब्द अडले, तेव्हा मी केळीच्या बागेच्या उदाहरणाचा आधार घेतला.

"शरीराने राखणदार चोरांसाठी ठेवला, पण तो घरच्याच माणसांना काठी मारतोय. थंड पाण्याचा संबंध नाही, आई. तुझं काही चुकलं नाही."

आईने सुजलेली बोटं चोळत विचारलं, "मंग गोळी काय राखणदाराले काढून टाकते?"

"नाही, त्याचा जोर कमी करते. म्हणून तर डॉक्टर रक्त तपासायला बोलावतात."

"म्हंजे राखणदारावरबी राखणदार हाये," आई म्हणाली.

काकू उठता उठता म्हणाली, एवढं शिकली, पण मांडा काही येत नाही. थंड पाण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

आई डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेऊ लागली. फरक पडायला महिने गेले. सेमिनारमध्ये मी अडखळत सुरुवात केली, पण राखणदाराचा दाखला आला तसा वर्ग ऐकू लागला.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई खापरापुढे बसली. पहिला मांडा फाटला. काकूने दुसरा गोळा पुढे केला. दुसरा आईने सावकाश झुलवला. तो मनगटांवरून कोपरापर्यंत उतरला आणि खापरावर पडला, तेव्हा सगळं खापर झाकून गेलं.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि थोडी सरकून जागा केली. "ये, बस. आता इथं तुहा सेमिनार."