पंखा समजून पुसलेला तारपा

गुरुवार, २१ ऑगस्ट. सकाळचे सहा वाजून बारा मिनिटे. उंबरमाळीजवळच्या वाडीत प्रमिला मेंगाळ ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली आहे. बेचाळीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात ती तारपा शोधते आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर तो कुठेच नाही.

प्रमिला सव्वीस वर्षांची. वाशिंदच्या एका कारखान्यात बिस्किटांची खोकी बंद करते. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी ती टिपून आणलेले आवाज जोडून रचना करते: कालव्याचे गंजलेले दार, चिकटपट्टीची किरकिर, रिकामी टाकी. अशा रचना करणाऱ्यांना पुण्यातली एक संस्था वर्षभर ठेवून घेते. राहणे, शिकणे, स्टुडिओ. वयाची अट सव्वीसपर्यंत. रचना आठ मिनिटांची, आवाज स्वतः टिपलेले. मुदत आज संध्याकाळी सहा.

रचनेचा कणा म्हणजे शेजारच्या जाणूकाकांचा तारपा. भोपळ्याचे हे वाद्य श्वास न तोडता फुंकतात. गेल्या दिवाळीत प्रमिलाने ते नाचासकट फोनवर टिपले आणि सुरुवात ऐकून फाइल ठेवून दिली. बाकी सगळे जुळवून झाल्यावर तारपा बसवायचा होता. फोनमध्ये ‘बोलणे स्पष्ट’ ही सलग आवाज गाळणारी सोय चालू होती. न थांबणारा सूर फोनने पंख्याची घरघर समजून पुसला. मुलांचे हसणे, कुत्री, पावले, खोकला एवढेच ठेवले.

नऊ वाजता ती काकांकडे गेली.

“काका, दहाच मिनिटं वाजवा.”

“आता? भात अजून पोटरीला नाय आलं गो. नवा दाणा घरात येईस्तोवर तारपा खाली निघत नाय.”

“कोणाला कळणार नाय. दार लावून घेऊ.”

“म्हणजे भातालाच फसवायचं?”

काकांची बायको बाईजा चुलीकडूनच म्हणाली, “त्या तुझ्या कंपूटरच्या पेटीला सांग ना वाजवायला. एवढं शिकवलंस तिला.”

“काकी, माझं वर्ष जाईल.”

“आन् वाडीचं पीक गेलं तर? तू पुण्याला. आमी कुठं जायाचं?”

प्रमिलाने वर पाहिले. तारपा आढ्याला फडक्यात बांधलेला होता. ती उठून आली.

दुपारभर तिने पुसलेला सूर परत आणायचा प्रयत्न केला. तीन सॉफ्टवेअर वापरली. जे नोंदलेच गेले नव्हते ते परत येत नव्हते. इंटरनेटवर दुसऱ्यांचे तारपे होते. अटीत ते बसत नव्हते. तीनला ती रडली. साडेतीनला पुन्हा बसली.

पाच चाळीसला ती टेकडीवर रेंजमध्ये उभी होती. पाठवलेल्या रचनेत अर्धे मिनिट तारपा आहे. पुढे साडेसात मिनिटे माणसे नाचतात ती कशावर, ते ऐकू येत नाही. अर्जात ‘वाद्य’ या रकान्यात तिने तारपा लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. पाच एकावन्नला फाइल गेली. निकाल महिनाअखेरीस आहे.

घरी परतताना तिने काकांच्या दाराकडे पाहिले नाही.

उद्या कारखान्यात तिची पाळी सातची आहे. फोन फाटकावर जमा करावा लागतो. तो साडेतीनला परत मिळतो.