फोन ऐकतो म्हणे!

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते फोनबरोबरच येतात. गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवतं आणि फोनला काय झालंय ते सोडून बाकी सगळं सांगतं. मी स्क्रू काढत असते, कान मोकळेच असतात. बारा वर्षांत इतकं साठलंय की परवा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, लिहून तरी ठेव, नाहीतर तुझी मेमरी फुल्ल होईल!"

तर सांगते.

आमचं दुकान कोल्हापुरात, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत. कव्हर, ग्लास, चार्जर, कधी नवा फोन विकायचं काम आमच्या ह्यांचं. फोन उघडायचं काम माझं. मला लहानपणापासून खोडच आहे, वस्तू आतून कशी दिसते ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. माहेरचं घड्याळ मी सातवीत असताना उघडलं होतं, ते अजून उघडंच आहे.

पण लोकांना हे पचायला वेळ लागतो. बिद्रीहून एक पावणे आले होते. साखर कारखान्यात वेल्डर. मला बघून म्हणाले, "मिस्त्री कुठं हायती?"

"मीच."

"व्हय व्हय. पर मिस्त्री?"

शेवटी स्टूल ओढून ते माझ्यासमोरच बसले. मी सोल्डरिंगचा टाका मारत होते आणि ते मान वाकडी करून बघत होते. तासाभरानं फोन चालू झाला. पैसे दिले आणि गेले. चार महिन्यांनी पुन्हा आले. मी जेवायला घरी गेले होते. ह्यांनी सहज त्यांचा फोन हातात घेतला, तर हे गृहस्थ केवढ्यानं ओरडले, "ओ मालक! हात लावू नगा, मिस्त्री येऊ द्यात!"

* * *

दसरा झाला की आमच्याकडे एक ठरावीक साथ येते. फोन चार्ज होत नाही!

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी कोयता पुजतो, शिंपी मशीन पुजतो. आता सगळ्यांचं एकच हत्यार झालंय. मग काय, पाटावर फोन, त्याला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. भक्ती जास्त असेल तर अक्षताही. चार्जिंगच्या भोकातून मी दरवर्षी कुंकू काढते. एकदा अख्खा तांदळाचा दाणा निघाला, तोही न तुटलेला.

गिऱ्हाइकांना मी जाम बोलते. "पूजा करा, पण लांबून करा! देवालासुद्धा नाकातोंडात कुंकू घातलेलं आवडत नाही!" आमचे हे बाजूला उभे राहून मान डोलवत असतात.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी जरा उशिरा दुकानात आले. ह्यांनी माझ्या टाके मारायच्या मशीनची साग्रसंगीत पूजा मांडली होती. प्रेमानंच केलं होतं, त्यामुळे ओरडताही येईना. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर मशीन ढिम्म! नाक मुठीत धरून आम्ही दोघं पलीकडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्याशी आमचं फारसं बोलणं नसतं. त्यानं मशीन उघडलं, आत वाकून वास घेतला आणि ह्यांच्याकडे बघून एकच शब्द विचारला, "नारळ?"

* * *

आमच्या गल्लीत शिवाक्का खाणावळ चालवतात. मूळच्या सीमेजवळच्या, घरात कानडी, गल्लीत मराठी. लेक बंगळूरला नोकरीला. तिनं आईला हातावरचं घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं. आईनं रोज दहा हजार पावलं चालावं अशी तिची इच्छा. ते घड्याळ तिच्या फोनला जोडलेलं, म्हणजे आकडा तिला तिकडे दिसणार.

चौथ्या दिवशी शिवाक्का घड्याळ घेऊन आल्या. "अय्यो, हे खोटं बोलतंय बघ. सकाळपासनं चुलीपुढनं उठलेली न्हाय मी, आणि हे म्हणतंय अकरा हजार झाली! वर फटाकं उडवून दाखवतंय!"

मला काही उलगडेना. घड्याळ माझ्या हातात बांधून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, बरोबर मोजलं. मग म्हटलं, चला, तुमच्या चुलीपुढे बसून बघू. शिवाक्कांनी पीठ घेतलं आणि भाकरी थापायला लागल्या. उजव्या हातात घड्याळ. थाप, थाप, थाप! आकडा डोळ्यांदेखत पळायला लागला. एका भाकरीला सत्तर-ऐंशी पावलं. दीडशे भाकऱ्या थापणारी बाई बसल्या जागी जोतिबा करून येत होती!

मी घड्याळ डाव्या हाताला बांधून दिलं. आकडा एकदम खाली आला आणि मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिवाक्का हजर. "परत उजव्या हाताला बांध गं. लेकीचा रात्री तीनदा फोन आला, अव्वा, आजारी हाईस काय म्हणून!"

* * *

हातमागवाल्यांपेक्षा यंत्रमागवाले मोठ्यानं बोलतात, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. कबनूरचे एक मालक येतात. दुकानात शिरताना "नमस्कार" म्हणाले की समोरच्या टपरीवाल्याचा चहा हिंदकळतो. दिवसभर माग धडधडत असतात, तिथे कुजबुजून काय उपयोग?

एकदा आले आणि फोन ठेवून म्हणाले, "माइक गेलाय!"

मी उघडून बघितलं. माइक नुसता गेला नव्हता, आत गंज चढला होता. सुताची धूळ आणि घाम. म्हटलं, "हा तर वर्षभर बंद असणार. तुम्ही बोलत कसे होता?"

"बोलतोय कुठं? व्हिडिओ लावायचा आणि हातानं सांगायचं!" त्यांनी करून दाखवलं. बोट गोल फिरवलं की बाबीन संपली, मनगट आपटलं की धागा तुटला, दोन्ही हात जोडले की जेवायला या. भाऊ दुसऱ्या शेडमध्ये, तोही तिकडून हातवारे करणार. सगळा कारभार असाच. आवाज लागतोच कुणाला!

"आणि घरी? वहिनींचे फोन येत असतील की."

"येत्यात. ती म्हणतीय, अलीकडं तुम्ही माझं नीट ऐकून घेताय."

मला हसू आवरेना. तरी एक शंका राहिलीच. "मग वर्षभर कळलं नाही, ते आजच कसं कळलं?"

"आज लाइट गेलती!"

* * *

आता आमच्या ह्यांच्या मताबद्दल. ह्यांचं ठाम मत आहे की फोन आपलं बोलणं ऐकतो आणि मग तसल्याच जाहिराती दाखवतो. मी म्हणते, तुम्हीच काहीतरी शोधत असाल आणि विसरत असाल. ह्यावर आमची भांडणं इतकी झाली की गिऱ्हाइकं दोन पार्ट्यांत वाटली गेली.

मी म्हटलं, प्रयोगच करू या. अशी वस्तू ठरवायची की जी आपण जन्मात शोधलेली नाही आणि घेणारही नाही. ह्यांनी विचार करून सांगितलं, "रेडा."

झालं! फोन काउंटरच्या मधोमध ठेवायचा आणि त्याच्या तोंडाशी वाकून म्हणायचं, "रेडा घ्यायचाय बरं का आपल्याला!" "चांगला बघू की, दांडगा!" गिऱ्हाइकंही सामील झाली. चार दिवस दुकानात दुसरा विषय नाही. मी वहीत लिहून ठेवत होते, कोणत्या दिवशी कोणती जाहिरात आली. चपला आल्या, केसांचं तेल आलं, पुण्यातले फ्लॅट आले. रेडा नाही. मी जिंकत चालले होते.

पाचव्या दिवशी दुपारी डोक्याला मुंडासं बांधलेला एक अनोळखी माणूस दारात येऊन उभा राहिला. आत डोकावून म्हणाला, "रेडा बघताय न्हवं तुम्ही? मंडईत कळलं."

मी हातातली वही मिटली.

"शाहूवाडीसनं आलोय. मुऱ्हा जातीचा हाय, तीन वरसाचा. घेयाचा-न्हाय घेयाचा नंतर ठरवा, आधी बघून तरी घ्या. टेंपोत आणलाय!"

* * *

आणि आता नानांची गोष्ट. ही मी फार कुणाला सांगितलेली नाही.

नाना गुळव्या. म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काईलीत उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. सगळा डाव त्या एका घटकेचा. चाळीस वर्षं नानांनी सांगितलं की काईल उतरायची. यंदा ऐन हंगामात पाय मोडला, प्लास्टर. त्यांचा मुलगा संभा दहा वर्षं त्यांच्या हाताखाली होता, पण बाप असताना त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. गुऱ्हाळाचा मालक म्हणाला, "पोराचा मला भरवसा न्हाय. नाना, तुम्ही फोनवरनं सांगत असाल तर काईल त्याच्या हातात देतो. न्हायतर दुसरा गुळव्या आणतो." दुसरा आला की ती जागा गेलीच.

म्हणून नाना डॉक्टरांकडून परस्पर आमच्या दुकानात आले, रिक्षातून, कुबडी घेऊन. भारीतला फोन घेतला, मोठ्या पडद्याचा. मी त्यात त्यांचं सिम घातलं, तेवढ्यात संभाचा व्हिडिओ कॉल आला, काईल उकळायला लागली होती. घरी पोचायला वेळच नव्हता. मी आतल्या खुर्चीवर त्यांना बसवलं आणि फोन बाटलीला टेकवून उभा केला.

नाना पडद्याकडे बघत राहिले. मग कपाळाला आठ्या. "पोरी, ह्यो फोन खोटं बोलतोय. एवढ्या लौकर पिवळा पडतोय व्हय रस?"

खरंच होतं ते. हे कॅमेरे स्वतःच्या मनानं रंग खुलवतात. लग्नात बरं दिसतं, काईलीत नाही. मी म्हटलं, "रंग सोडा नाना, दुसरं कशावरनं कळतं?"

"आवाज. बुडबुड्याचा आवाज बदलतोय. संभा, फोन काईलीवर धर."

संभानं धरला. आम्ही कान लावले. आवाज शून्य. संभा बोलला की खणखणीत ऐकू यायचं, "नाना, धरलाय बघा!" तो थांबला की पुन्हा शून्य. माझ्या लक्षात आलं. "नाना, फोनला फक्त माणसाचं बोलणं कळतं. बाकीचा आवाज त्याला कचरा वाटतो, तो गाळून टाकतो."

"कचरा?" नाना केवढ्यानं तरी बोलले. "आगं, तेच तर बोलनं हाय! संभाचं काय ऐकायचं!"

मी सेटिंगं उलटीपालटी करत होते. वेळ जात होता. संभाच्या मागून गुऱ्हाळाच्या मालकाचा आवाज आला, "काय करायचं ते लौकर सांगा!" मग एकदम सुचलं, साधा फोन काही गाळत नाही. विचारलं, "संभा, तिथं कुणाकडे साधा बटणाचा फोन आहे का?" जाळ घालणाऱ्या माणसाकडे होता. त्या नंबरवर माझ्या फोनवरून लावला, स्पीकर चालू केला. आणि आलं! रटरट, रटरट, दुकान भरून गेलं. मधेच लाकूड फुटल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला, सगळं.

नानांनी डोळे मिटले. आमच्या ह्यांनी दारातच गिऱ्हाईक अडवलं. रटरट जड होत गेली, मग तिच्यातून बारीक सळसळ यायला लागली. नानांनी एक हात वर केला. बोलायला तोंड उघडलं.

आणि फोनमधून आवाज आला, "उचला!" संभाचा होता. पाठोपाठ चार माणसांचा हुंकार, साखळी करकरली आणि रस थंड करायच्या वाफ्यात ओतल्याचा मोठा धबाका.

नानांचं तोंड तसंच उघडं राहिलं. हातही वरच.

थोड्या वेळानं मालक फोनवर आला, आवाजात हसू. "नाना, अगदी टायमाला सांगितलंत बघा! सोन्यागत उतरलाय!"

"म्या कुठं काय बोललो?" नाना म्हणाले.

नानांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि टोपी काढून कपाळ पुसलं. मी विचारलं, "नाना, चहा सांगू?" त्यांनी मान डोलावली. प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून समोरच्या स्टुलावर ठेवला, खुर्चीत ऐसपैस मागे टेकले. मग बाटलीला टेकवलेल्या त्या नव्या फोनकडे बोट करून म्हणाले,

"पोरी, ह्यात कुस्त्या दिसत्यात म्हणं? लाव की एखादी निकाली!"