पुठ्ठ्याआडचा फासा

ही एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आणि माझ्या तोंडून काय काय बाहेर पडलंय, ते सोलापुरात कुणालाही विचारा! मंगल कार्यालयात माइकवर बोलणं हा माझा धंदा. वरातीत नवरदेव घोड्यावरून पडला, तर ‘स्वर्गातून अवतरला’ म्हणून टाळ्या घेणारा माणूस मी. पण हे – हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

रविवारी दुपारी बाळ्याच्या पाणमोटारींच्या दुकानावरच्या माडीत आम्ही चौघं जमायचो. खेळ असा, की एकजण गोष्ट रचतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात. मी भिंतीवर चढतो, मी राक्षसाला भिडतो, असं ज्यानं त्यानं सांगायचं. आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट रचणारा तो मास्टर. म्हणजे मी. दुसरं कोण असणार? माझा राक्षस असा, की शेपूट होटगीला आणि जबडा मोहोळात! त्यानं जांभई दिली की अख्ख्या शहराचे पत्रे उडायचे.

आणि असल्या राक्षसापुढं माणसं कसली बसली होती? बाळ्याला मजा फक्त कापाकापीत. दार दिसलं की कुऱ्हाड. दार उघडं असलं तरी कुऱ्हाड. सरांना – ते कॉलेजात शिकवायचे – मजा नियमात. कुणी तलवार उपसली की सर पुस्तक उघडायचे, आणि राक्षस बिचारा आ वासून अर्धा तास ताटकळायचा. गोष्टीची चव दोघांनाही नव्हती. सोनाराच्या दुकानात बसून फुटाणे मागणारी माणसं! पण त्यांचा मला राग नव्हता. ते निदान माझ्याकडं बघायचे तरी.

तिसरी पद्मा. टॉवेलच्या कारखान्यात घडी घालायच्या खात्यात कामाला. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, मला दादा म्हणायची. तिनं पात्र घेतलं मल्लव्वा नावाच्या बाईचं. तलवार नको म्हणाली, मंत्र नकोत. एक घागर आणि एक कुदळ! माझ्या नकाशाच्या कोपऱ्यात एक कोरडं गाव होतं – कागद रिकामा दिसू नये म्हणून काढलेलं. ही बाई तिथं गेली आणि विहीर खणायला लागली. चार रविवार! राक्षस वेशीवर, आणि ही विचारतेय, खडक लागला का, गाळ कुठं टाकायचा, पाण्याला पहिली आली ती म्हातारी कोण, तिचं नाव काय. ह्यात कसली आलीय मजा? आठवडाभर टॉवेलच्या घड्या घातलेल्या बाईला सुट्टीच्या दिवशी पुन्हा काबाडकष्टच हवेत? मी मनात हसायचो. तोंडाला येईल ते नाव फेकायचो. ती वहीत लिहून घ्यायची.

आणि एका रविवारी ती वही माझ्यावर उलटली. मी रंगात येऊन सांगत होतो, ‘म्हातारी काशव्वा किंचाळली –’

‘दादा, म्हातारी गंगव्वा हाय की,’ पद्मा म्हणाली. ‘काशव्वा तिची सून. पोटुशी हाय ती. तुमीच सांगितलं.’

बाळ्या हसून हसून मोटारीच्या खोक्यांवर आडवा झाला. ‘मास्टर, राक्षस मरायच्या आधी तुमीच पडला की!’ सरसुद्धा हसले. पद्मा हसली नाही. तिला खरंच नाव बरोबर हवं होतं – आणि तेच मला जास्त झोंबलं.

आता खेळातला एक नियम सांगतो. बाळ्याचा फासा वाईट पडला की ‘घरंगळला’ म्हणून तो परत टाकायचा. म्हणून मीच कायदा केला होता – कुणाचा जीव टांगणीला लागला, तर फासा मास्टरनं टाकायचा, चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याआड. आकडा मास्टर सांगेल तो. कुणी डोकवायचं नाही. लबाडी नको म्हणून केलेला कायदा, बघा!

पुढच्या रविवारी मी राक्षस थेट विहिरीवर नेला. कारण काय? तहान लागली म्हणालो. मल्लव्वा काठावर उभी राहिली, घागर घेऊन. दहा किंवा वर पडलं तर वाचणार होती. मी पुठ्ठ्याआड फासा टाकला. बघितला. आणि ‘तीन,’ म्हणालो. आवाज घोगरा केला – पाठवणीच्या वेळी काढतो तो.

तीन पडले नव्हते.

पद्मानं वही मिटली. ‘विहीर राहील की, दादा?’ एवढंच विचारलं. राहील, म्हणालो.

पुढच्या खेपेला तिनं कुऱ्हाडवाल्या गड्याचं पात्र घेतलं. छान कापायची. बाळ्या खूश झाला. तिनं पुन्हा कधी कुणाचं नाव विचारलं नाही. गंगव्वाला मी काशव्वा म्हणालो, यमुना म्हणालो, एकदा तर चक्क मारुती म्हणालो – कुणी अवाक्षर काढलं नाही. हेच तर हवं होतं ना मला?

मग खेळ मोडला. बरीच वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात पद्माचा फोन आला – ती आता कारखान्यातल्या बायकांना घेऊन स्वतः खेळ चालवते, एकदा या की. गेलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाच-सहा जणी सतरंजीवर, आणि पद्मापुढं चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा. तोच कायदा! रेश्मा नावाच्या बाईचं पात्र मरणाच्या दारात आलं, तेव्हा पद्मानं फासा माझ्या हातात दिला. ‘आज दादा टाकतील.’

मी टाकला. चार. दोनदा बघितलं. ‘चार,’ म्हणालो.

रेश्माचे डोळे भरले. किती दिवस वाढवलं होतं तिनं ते पात्र! पुठ्ठ्याकडं बघत ती म्हणाली, ‘खरंच चार हायत का?’

पद्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. ‘दादांचा फासा हाय तो. माझी मल्लव्वा गेली तवा रडवेला आवाज झालता त्यांचा. तरी आकडा फिरवला न्हाय.’

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान डोलवली. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला.

त्या दिवशी चारच पडले होते. मल्लव्वाला सतरा पडले होते.