अर्लीच्या कागदावर माझी सही

माझं शिक्षण पहिलीपर्यंत, आणि पहिलीही अर्धीच. तरी अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कॉलेजच्या कागदावर माझी सही आहे. पालक म्हणून! नागपुरातल्या माझ्या गल्लीत अशी सही केलेला दुसरा माणूस असेल तर त्याला माझ्यासमोर उभा करा.

गोष्ट नव्वद सालानंतरची. तेव्हा सगळं कागदावर चालायचं. गिरणीतून रिटायर होऊन मी मुलाकडे, मिलिंदकडे, न्यू जर्सीत आयसेलिनला येऊन दहा वर्षं झाली होती. नात सुजाता बारावीला होती आणि घरात एकच भांडण होतं : अर्ली की रेग्युलर?

(ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मलाही माहीत नव्हतं, पण तीन दिवसांत मी तज्ज्ञ झालो!) रेग्युलर म्हणजे जानेवारीपर्यंत वाटेल तितक्या कॉलेजांना अर्ज करा, एप्रिलमध्ये उत्तरं येतील, मग आपण निवडायचं. अर्ली म्हणजे नोव्हेंबर उजाडायच्या आत एकाच कॉलेजला अर्ज, आणि सोबत लेखी शब्द, की तुम्ही घेतलंत तर आम्ही येणारच, बाकी सगळ्यांना नकार.

"म्हणजे पहिल्याच स्थळाला सुपारी फोडायची?" मी विचारलं.

"बाबा, अर्लीत चान्स वाढतो," मिलिंद म्हणाला.

"त्यांचा वाढतो! आपली पोरगी हुशार आहे. थांबू द्या ना त्यांना रांगेत!"

"आजोबा इज राइट," सुजाता म्हणाली. "मला सगळे ऑप्शन्स बघायचेत. मी सतरा वर्षांची आहे, पप्पा. आत्ताच कसं सांगू?"

"त्यांना काय कळतं यातलं?" मिलिंद माझ्याकडे बोट करून बोलून गेला.

बस्स! त्या क्षणापासून मी रेग्युलर पक्षाचा पुढारी झालो. रविवारी आम्ही एकाच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदनेला जमायचो, तिथे चहाच्या वेळी मी भाषणं ठोकली. एका बाईंकडून तर त्यांच्या मुलासाठी रेग्युलरचं वचनच घेतलं. (मुलगा तिसरीत होता.)

मिलिंदनं अर्लीचा कागद भरलाच. सुजातानं त्यावर आपली सहीसुद्धा केली, बाप ऑफिसच्या कामाला क्युपर्टिनोला निघाला होता, तो शांतपणे विमानात बसावा म्हणून. पालकाच्या सहीची जागा मात्र कोरी ठेवली. गुरुवारी तो परतला की काय ते ठरवायचं, असा बापलेकीचा तह झाला. तहाच्या बैठकीला मला कोणी बोलावलं नव्हतं. आता दोष कुणाचा, तुम्हीच सांगा!

बुधवारी दुपारी घरात मी एकटा. जेवणाच्या टेबलावर तो कागद, शेजारी पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट. मी समजलो, रेग्युलरचाच अर्ज. (माझा पक्ष जिंकला हे मी गृहीतच धरलं होतं.) आणि कागदाच्या तळाशी एक कोरी रेघ!

कोरी रेघ मला सहन होत नाही. तिशीपर्यंत मी अंगठा लावला आहे. रेशनच्या ऑफिसात, कोर्टात, मुलाच्या शाळेत. खिडकीतला बाबू माझ्याकडे न बघताच शाईचा डबा पुढे सरकवायचा. मग गिरणीतल्या वर्गात दोन महिने पाटी घासून सही शिकलो, आणि तेव्हापासून जिथे रेघ दिसली तिथे सही केली. शेजारच्या गोऱ्याच्या कुत्र्याच्या लसीच्या कागदावरही केली. (तो बिचारा नुसता दाखवायला आला होता!)

मी पेन काढलं. 'तुळशीराम', ठसठशीत मराठीत, खाली दोन टिंबं. पाकीट चिकटवलं, दारातल्या टपालपेटीत ठेवलं, पेटीची लाल झेंडी वर केली. अर्ध्या तासात पोस्टमन घेऊन गेला. मी त्याला सलाम ठोकला.

तीन वाजता सुजाता आली.

"आजोबा, इथलं एन्व्हलप कुठंय?"

"गेलं! सहीसकट! मी घरात असताना काम अडत नसतं."

पोरगी मटकन खुर्चीत बसली. "ओ माय गॉड! आजोबा, तो अर्लीचा होता! आता त्यांनी घेतलं तर मला जावंच लागेल!"

"कुठं लिहिलंय तसं?"

"तुमच्या सहीच्या बरोब्बर वर! तुम्ही वाचलं नाही?"

आता आली का पंचाईत? दहा वर्षं रोज सकाळी मी चष्मा लावून इंग्रजी पेपर उघडत होतो. घरात माझा एक दर्जा होता!

"वाचलं की! अक्षर न् अक्षर!"

"मग सही का केली?"

"विचार बदलला!"

रेग्युलर पक्षाचा पुढारी एका वाक्यात शत्रूला जाऊन मिळाला. सून रत्नानं मिलिंदला फोन लावला, तर तो तिकडे आनंदानं ओरडतोय, "बाबांना थँक्यू सांग!" जन्मात पहिल्यांदा मुलानं माझ्या शहाणपणाची तारीफ केली, आणि इकडे सुजाता न जेवता खोलीचं दार लावून बसलेली. दारापलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मीही वरणभाताचं ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी सकाळी ती मला शाळेत घेऊन गेली. तिथे ॲडमिशनचं बघणारी एक गोरी बाई होती. ती हळूहळू बोलली, सुजातानं मराठीत सांगितलं.

"आजोबा, त्या म्हणतात, तुम्ही कागद वाचून, समजून सही केली असेल तर शब्द म्हणजे शब्द. न वाचता केली असेल तर त्या कॉलेजला कळवतील, अर्ज रेग्युलरमध्ये टाकतील."

बाई माझ्याकडे बघते आहे. सुजाता जमिनीकडे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"सांग तिला," मी म्हणालो, "मला इंग्रजी वाचता येत नाही. पण सही माझी मीच केली, कोणी हात धरला नव्हता, हेही सांग! आणि काय बघतेस अशी?"

"मला माहीत होतं, आजोबा."

"काय माहीत होतं?"

"मी लहान असताना तुम्ही मला ते अस्वलाचं पुस्तक वाचून दाखवायचा ना? दर वेळी स्टोरी वेगळी असायची. एकदा तर अस्वल संपावर गेलं होतं."

"ते पुस्तकच तसं होतं!"

पोरगी हसली. कालपासून पहिल्यांदा हसली. बाईलाही तिनं सांगितलं असावं, कारण तीही हसायला लागली. मग बाईनं तिथल्या तिथे कॉलेजसाठी चिठ्ठी टाइप केली. त्या चिठ्ठीनं काम झालं. एप्रिलमध्ये तीन कॉलेजं माझ्या नातीची वाट बघत उभी होती आणि तिनं पंधरा दिवस त्यांना ताटकळत ठेवलं! (मिलिंदनं आपलं थँक्यू मात्र गुरुवारीच परत घेतलं.)

पण त्या सकाळी बाईनं चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली, खाली रेघ होती. "आधी वाचून घ्या," असं ती खुणेनं म्हणाली. मी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत कागद नीट पाहिला, मध्ये एका ओळीवर बोट ठेवून विचारही केला, दोनदा मान डोलावली आणि ठसठशीत सही ठोकली.

चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं, की सही करणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नाही!