पुण्याची लोकसंख्या शून्य

पृथ्वी गोल आहे हे माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना मान्य आहे, पण तिचा मध्य हिंगोली जिल्ह्यात, शिरड शहापूरच्या अलीकडे, त्यांच्याच ओट्यावर आहे, याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी जन्मभर तिसरीला जिल्ह्याचा भूगोल शिकवला. ते निवृत्त झाले तेव्हा तिसरीतली पोरं सुटली आणि आम्ही नातेवाईक सापडलो. इतका हेकट, इतका सर्वज्ञ आणि इतका कमी फिरलेला भूगोलाचा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पाव्हणे म्हणतात, आणि एकमेकांना शहाणं समजण्याची चूक आम्ही दोघांनीही कधी केलेली नाही.

दिसेल त्या गोष्टीला मामा पाठ्यपुस्तकातले मथळे लावत. स्थान, सीमा, लोकसंख्या, पिकं, उद्योग. माझ्या बहिणीला पाहायला आले तेव्हा शिक्षण नाही, स्वयंपाक नाही, कयाधू नदी कुठं उगम पावते एवढंच त्यांनी विचारलं. ती घाबरून म्हणाली, वाशिमकडं. पोरगी बराबर आहे म्हणत मामा तिथंच चहाकडे वळले. बावीस वर्षांच्या मुलीचं आयुष्य एका नदीवर ठरवणारा हा माणूस!

शहरांचा त्यांना भारी तिटकारा. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, पाठोपाठ माझी बहीण गेली, आणि पुण्याचं नाव निघालं की मामांचा एकच प्रश्न येऊ लागला, पिकतं काय तिथं? कोणी कारखाने म्हणालं, कॉम्प्युटर म्हणालं, की ते हात झटकत आणि आपल्या जिल्ह्याची हळद, सोयाबीन, तूर अशी यादी सुरू करत. "खानाऱ्याला भूगोल नसतो, पाव्हणे, पिकवनाऱ्याला असतो." स्वतः मामांनी कोथिंबिरीची जुडीसुद्धा कधी पिकवली नव्हती. शेत त्यांचा भाऊ करायचा.

गाव मोजायचं त्यांचं माप म्हणजे उंबरा. माणसं किती हे सरकारनं सांगावं, उंबरे किती हे मामांनी. दरवर्षी भीमजयंतीच्या आदल्या दिवशी ते वही घेऊन दारोदार फिरत. कुलूप दिसलं की शेजाऱ्याला विचारत, वर्षभरात एकदा तरी उघडलं का? उघडलं असेल तर उंबरा धरायचा, नसेल तर लाल शाईनं काट. सुरतेला गेलेल्या चुलतभावाचं घरही त्यांनी असंच काटलं. तो बिचारा अजून बोलत नाही, आणि मामांना त्याचं काहीच वाटत नाही.

ही वही घेऊन ते एकदा पुण्याला गेले. दुसऱ्याच दिवशी मुलाच्या इमारतीच्या वरच्या मजल्यापासून त्यांनी सुरुवात केली. बेल वाजवायची, जयभीम घालायचा आणि विचारायचं, तुमच्या पूर्वेला कोण राहतं? कोणालाच सांगता येईना. एकानं लिफ्टकडे बोट दाखवलं. शेवटी वॉचमननं त्यांना हाताला धरून खाली आणलं. पण मामांचा खरा शोध वेगळाच होता. तिथल्या दारांना उंबराच नाही, बाहेरची फरशी सरळ आत जाते. गावी परतल्यावर त्यांनी ओट्यावरून जाहीर केलं, "दारं लई हायेत, उंबरा एक न्हाई. पुण्याची लोकसंख्या शून्य." हे मी हिंगोलीत आमच्या ऑफिसात महिनाभर सांगून सगळ्यांना हसवलं.

मागच्या उन्हाळ्यात मामा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मामी कधीच गेलेल्या. बहीण फोनवर रडली, आणि मामांना पुण्याला जायला राजी करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी भांडायच्या तयारीनंच गेलो. पण एकट्यानं आता निभत नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. जातो म्हणाले, पण घराचं काय? मी म्हणालो, कुलूप लावू. वर्गातल्या ढ पोराकडे पाहावं तसं ते माझ्याकडे पाहत राहिले.

"जिल्ह्यातून भायेर काय जातं हे पोरायला घोकून घेतलं," ते म्हणाले. "हळद, सोयाबीन. लेकरं जातेत हे न्हाई सांगितलं. आता मास्तर बी चालला."

निघताना त्यांनी किल्ली आणि वही माझ्याकडे दिली.

आता पुण्याहून त्यांचे फोन येतात. तो वॉचमन आमच्याच जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याचा निघाला, म्हणून तेवढा एक माणूस त्यांनी पुण्याच्या लोकसंख्येत धरला आहे. बाकी शहर अजून शून्यच. मधूनमधून जाऊन घर उघडत जा, असं बहिणीनं बजावलं होतं. पण माझी कामं, माझं ऑफिस, वर्ष कसं गेलं कळलं नाही. यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन फिरत होतो, तेव्हा मामांचा फोन आला. कुठपर्यंत आलात, किती भरले, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, माझं घर वर्षात कोणी उघडलं का?

मी त्यांच्या दारासमोरच उभा होतो. कुलूप गंजलं होतं. उघडलं की मामा, मी म्हणालो, मीच दोनदा येऊन गेलो.

"खोटं बोलून राहिले तुमी, पाव्हणे."

मला फार लाज वाटली. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. हळूच म्हणाले, "पन एवढं साल काट नका मारू."