भिस्ती नंबर तीन

अमेरिकेतली लढाई सुरू होऊन दोन हंगाम झाले होते, तेव्हा आमच्या पलटणीच्या एका तुकडीला अकोल्याहून अमरावतीला जाण्याचा हुकूम आला. एक सुभेदार, दोन हवालदार, तीन नाईक आणि चाळीस शिपाई. काम कापसाच्या पहाऱ्याचं. अमेरिकेचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून सगळ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली होती. शहराच्या परकोटाच्या भिंतीबाहेरच्या मैदानात रुईच्या गाठींच्या गंज्या लागत. तिथून बैलगाड्यांचे तांडे अकोला, बाळापूर करत पश्चिमेला रेल्वे जिथवर आली होती तिथवर जात. गाडी सुटेपर्यंत माल आमच्या ताब्यात.

मी सैनिक नव्हते. पण दोन वर्षं माझं नाव पलटणीच्या हजेरीपटात होतं आणि रोज सकाळी मी रांगेत उभी राहून ते ऐकलं. म्हणून मी त्याला माझी नोकरी म्हणते.

ते असं झालं. माझे वडील याच पलटणीत हवालदार होते. आई लवकर गेली. त्यांनी मला कामठीच्या छावणीतल्या मिशनच्या शाळेत ठेवलं. तिथं आठ वर्षं सगळं इंग्रजीत शिकले. मी सतरा वर्षांची असताना वडील तापानं गेले. त्यांचे मित्र सुभेदार मानाजी मला आपल्या घरी घेऊन आले. त्याच सुमारास तुकडीचा इंग्रजी जाणणारा कारकून एका कापूस व्यापाऱ्याकडे निघून गेला. त्या दिवसांत ज्याला दोन अक्षरं येत तो कापसाकडे जाई. कापूस खरेदी करणाऱ्या गोऱ्या आडत्या साहेबांच्या चिठ्ठ्या मात्र इंग्रजीतच येत, आणि आमच्या मुन्शींना फारसी आणि मोडी येई.

"तू वाचशील?" सुभेदारकाकांनी विचारलं. मी मान हलवली.

हजेरीपटात लिहिणाऱ्या बाईसाठी रकाना नव्हता. भिस्त्यांची एक जागा रिकामी होती. काकांनी तिथं माझं नाव घातलं: भिस्ती नंबर तीन, अनसूया. पहिले चार महिने मी पाण्याची मशक उचलली नाही.

साडेपाचला बिगुल. सहाला हजेरी. मी रांगेच्या शेवटी, दोन खऱ्या भिस्त्यांच्या शेजारी. सातला चिठ्ठ्या वाचायच्या, दुपारी रिपोर्ट लिहायचा. मी फार बोलत नसे. मिशनच्या शाळेत गप्प बसणाऱ्या मुलीला चांगली मुलगी म्हणत. ती सवय माझ्याबरोबर आली होती. सुभेदारांना घरी काका म्हणायचं, मैदानावर साहेब. दोन्हीकडे माझं उत्तर एकच, हो.

तिसऱ्या आठवड्यात नाईक दौलत माझ्याकडे पाटी घेऊन आला. बाळापूरचा माळी, तिशीतला, नऊ वर्षं नोकरी झालेला. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा.

"मास्तरीन, मले लिवाले शिकव."

"मुन्शीजी आहेत ना."

"मुन्शी हसते. तू तं बोलतच नाई. हसशीन कायले?"

मी हसले. तो म्हणाला, "घ्या. हेबी हसते."

बंदुका साफ करून झाल्या की चार ते पाच आम्ही कडुनिंबाखाली बसू. त्याला आणखी एक साल नोकरी करून पलटणीतून नाव कमी करून घ्यायचं होतं आणि बाळापूरला मन नावाच्या नदीच्या काठी भाजीचा मळा करायचा होता. पलटणीत त्याची थट्टा होई. एक हवालदार येता-जाता विचारी, "दौलत, आज किती वांगी झाली?"

"तुमच्या डोक्याएवढं एक झालं, हवालदार. त्यातबी बियाच हायेत."

मला तो म्हणाला, "सारा मुलूख कापूस पेरून राहिला, मास्तरीन. चांगलं हाय. पन उद्या लोकं रुईची भाजी करतीन काय?"

त्यानं एका वहीत मळ्याचा नकाशा काढला होता. विहीर, पाट, बारा वाफे. जसजशी अक्षरं आली तसतशी वाफ्यांत नावं आली. मेथी. वांगे. कांदे. अकरा वाफे भरले. बारावा कोरा राहिला.

काही दिवसांनी शिपायांच्या लाईनीतली पाच पोरं बाजूला येऊन बसू लागली. मग दोन शिपाई. मी कोणाला बोलावलं नव्हतं.

मार्गशीर्षात आडत्या साहेबांच्या मडमेनं निरोप पाठवला. ती मुंबईला जाणार होती. तिच्या मुलांना सांभाळायला आणि शिकवायला तिला इंग्रजी येणारी मुलगी हवी होती. उत्तर शनिवारपर्यंत हवं. सगळ्यांना आनंद झाला. काकूंनी पेटीतून नवं लुगडं काढून ठेवलं. कधी निघतेस, असं सगळ्यांनी विचारलं. जायचं आहे का, असं फक्त एकानं विचारलं.

"तुले जाचं हाय?" दौलत म्हणाला.

"जागा चांगली आहे."

"जागेचं नाई इचारलं."

मी पाटी पुसत राहिले. त्यानं वही उघडून बाराव्या वाफ्यावर बोट ठेवलं.

"हा तुया. काय लावाचं ते तू सांग."

"मला काही सुचत नाही, नाईक."

"मंग बंबईत कसं सुचन?"

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. मला काय हवं आहे, ते लिहायचं ठरवलं. पानभर लिहून झाल्यावर वाचलं तर त्यात वडिलांना काय आवडलं असतं, काकांना काय सोयीचं, मडमेला काय हवं, एवढंच होतं. माझ्या अक्षरात, पण माझं एकही नाही. मी तो कागद फाडला आणि दुसरा प्रश्न घेतला. दिवसभरात मी कशाची वाट पाहते? याचं उत्तर लगेच आलं. बिगुल झाल्यापासून मी चार वाजायची वाट पाहत असे. कडुनिंबाखालच्या त्या एका तासाची.

कळलं, पण सांगणार कोणाला आणि कसं, हे कळलं नाही. तीन दिवस मी काकांसमोर हो साहेब म्हणत राहिले.

गुरुवारी दुपारी पावणेतीनला गंजीला आग लागली. कोणाच्या तरी चिलमीची ठिणगी. विहिरीपासून गंजीपर्यंत शिपायांनी रांग धरली, बादल्या हातोहात गेल्या. चार वाजून वीस मिनिटांनी धूर थांबला. मी इंग्रजीत रिपोर्ट लिहिला: आग पूर्ण विझली. सुभेदारांनी सही केली. आडत्या साहेबांच्या माणसांनी भाजलेल्या, ओल्या गाठी पुन्हा गंजीत लावल्या आणि त्यांच्यापुढे कोरड्या गाठींचा थर रचला.

इथं आमची चूक झाली. पलटणीनं आजवर आग विझवली होती ती झोपड्यांची आणि गवताची. धूर थांबला की ती आग मेली. दाबून बांधलेल्या रुईचं तसं नसतं. पाणी वरचं गोणपाट भिजवतं, आग गाठीच्या पोटात जाते आणि तिथं धूर न करता दिवस दिवस जगते. पिंजाऱ्यांना हे माहीत होतं. पिंजाऱ्यांना आम्ही विचारलं नाही.

शुक्रवारी सातला साठ गाड्या सुटायच्या होत्या. सहाला हजेरी झाली. थंडी कडक होती. गाडीवानांच्या बायका गाड्यांमधल्या जागेत चुली मांडून भाकरी थापत होत्या, पोरं घोंगड्यात होती. सहा वाजून दहा मिनिटांनी मी वही घेऊन गंजीपाशी पोचले. एक कुत्री आपली चार पिल्लं घेऊन खालच्या थरातल्या एका गाठीला पाठ लावून झोपली होती. मैदानावर बाकी सगळी कुत्री अंगाचं मुटकुळं करून बसलेली, ही पाय पसरून. मग मी वरच्या गोणपाटाकडे पाहिलं. सगळ्या गंजीवर दव होतं. तेवढ्या जागी नव्हतं.

आत आग जिवंत आहे, हे मला तेव्हाच समजलं. तरी मी लगेच कोणाला सांगितलं नाही, आणि ते लपवून ठेवणं बरोबर नाही. म्हणून इथं लिहिते. सुभेदार आडत्या साहेबांशी बोलत उभे होते. मी दोनदा त्यांच्यापासून दहा पावलांवर गेले आणि परत आले. रिपोर्ट माझ्या हातचा होता. आडत्या साहेब त्या मडमेचा नवरा होता. मी गप्प राहिले तेवढ्या वेळात अकरा गाड्या भरल्या. मी मोजत होते, कारण मोजणं हे माझं काम होतं.

"मास्तरीन," मागून दौलतचा आवाज आला, "काय पायून राहिली? आता कुत्रीले शिकवतं काय?"

"नाईक, तिथं दव नाही."

तो हसला नाही. कुत्रीला हाकललं, गाठीवर तळहात ठेवला आणि लगेच काढला.

"साहेब! गाठ गरम हाय. अंदर आग."

आडत्या साहेब म्हणाला की आग विझल्याचा रिपोर्ट त्याच्याकडे आहे. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं.

"रिपोर्ट चूक आहे, साहेब," मी म्हणाले. "मीच लिहिला." रांगेच्या दुसऱ्या टोकाचे शिपाई वळून पाहू लागले, तेव्हा माझा आवाज तिथवर गेला हे मला कळलं.

"गाड्या हॉल्ट," सुभेदार म्हणाले. "चुली विझवा. बायका-पोरं परकोटाकडे. बैल जुंपा, गाड्या बाहेर काढा. नाईक दौलत, चार माणसं घे, गंज तोड. भिस्ती पुढे."

भिस्ती पुढे म्हटल्यावर आम्ही तिघं पुढे गेलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा मशक पाठीवर घेतली. तिचं ओझं किती असतं ते तेव्हा कळलं.

दौलत आणि त्याचे चौघं गाठी ओढून उघड्या जागी लोटत होते. प्रत्येक गाठ बाहेर आली की आम्ही ती फोडून भिजवायची. पाच गाठी निघाल्या. दौलत मध्येच ओरडला, "पानी जपून टाक, मास्तरीन, मले सर्दी हाय." सहा चाळीसला सहावी गाठ निघाली. तिला वारा लागला आणि ती पेटली. तिच्यावरचा थर सुटून खाली आला. चौघं बाजूला झाले. दौलत आतल्या अंगाला होता.

सहा पन्नासला त्याला बाहेर काढलं. साठही गाड्या तोवर मैदानाबाहेर होत्या. गाडीवानांपैकी, त्यांच्या बायका-पोरांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

शनिवारी सकाळी मी पलटणीच्या दवाखान्यात गेले. तो शुद्धीवर होता. अंग भाजलं होतं, पण तोंडाला काही झालं नव्हतं, म्हणून तो नेहमीसारखा दिसत होता.

"आज शनवार," तो म्हणाला. "सुचलं काय?"

"हो. मी जात नाही. लाईनीतल्या पोरांची शाळा काढायची आहे."

"सुभेदाराले सांगतलं?"

"नाही अजून."

"मंग मले काऊन सांगतं? त्याले सांग."

मी तशीच सुभेदारांकडे गेले. ते मैदानावर होते, म्हणून साहेब म्हटलं. मला मुंबईला जायचं नाही, मला इथं शाळा काढायची आहे, असं सांगितलं.

"मोठ्यानं बोल."

मी पुन्हा सांगितलं. 

"कडुनिंबाखाली पावसात काय करशील?"

"जुना दाणाकोठा रिकामा आहे, साहेब."

"मंजूर."

मग मी त्यांना अकरा गाड्यांचं सांगितलं.  निघताना ते म्हणाले, "ते पण लिहून ठेव. नंतरच्या लोकांना उपयोगी पडेल."

नाईक दौलत रविवारी सकाळी नऊ वाजता गेला. मी त्याला मंजूर झाल्याचं सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "दाण्याच्या कोठ्यात उंदरं हायेत, सांभाळजो."

त्याची वही घेऊन मी फाल्गुनात बाळापूरला गेले. त्याची बायको राधाबाई दिराकडे राहत होती. तिनं मला नदीकाठच्या जमिनीवर नेलं आणि म्हणाली, "वाच." मी एकेक वाफा वाचत गेले आणि ती पावलं टाकत चालत गेली. पाचव्या वाफ्यापाशी थांबली.

"वांगे? इथं? इथं तं दिवसभर आंब्याची सावली. पलटनीत बसून काढलं असन. वांगे तिकडे घेऊ."

"घ्या ना."

"अन् हे शेवटचं?"

"ते कोरं आहे. मी सांगायचं होतं."

"मंग सांग, बाप्पा. मी काय संध्याकाळलोक उभी राहू?"

"शेवंती," मी म्हणाले.

माझ्या नोकरीला दोन वर्षं झाली तेव्हा तुकडी अकोल्याला परतली आणि माझं नाव हजेरीपटातून कमी झालं. मी अमरावतीतच राहिले. अमेरिकेची लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, पुष्कळ कारकून परत नोकऱ्या शोधू लागले. दाणाकोठ्यात आता बत्तीस पोरं बसतात, त्यांत नऊ मुली. मुलींना मी रोज एकदा उभं करून मोठ्यानं वाचायला लावते. भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जायला हवं, हा नियम. उंदीर आहेत.

बाळापूरहून येणाऱ्या गाडीबरोबर राधाबाई दर हिवाळ्यात शेवंतीची टोपली पाठवते. यंदाची परवा आली. गाडीवानानं निरोप सांगितला: "फुलं मोठी झाली, वांग्याले कीड लागली, पाट दुरुस्त केला. त्याले सांगजो म्हने."

काल सकाळी सहाला मी मैदानात गेले. गंज्या पूर्वीइतक्या उंच नसतात. जिथं ती गंज होती तिथं उभी राहिले आणि दौलतला फुलांचं, किडीचं आणि पाटाचं सांगितलं. पहाऱ्यावरच्या नव्या शिपायानं वळून पाहिलं. मी मोठ्यानंच सांगितलं.