‘येणार’ नावाचं बटण
वाचनालयाच्या वरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. त्यामुळे रीस्टार्टकाकांना मी जितकं पाहिलंय तितकं त्यांच्या लेकीनंही पाहिलं नसेल. काहीही बिघडलं की ‘बंद करून चालू करा’ हे त्यांचं एकच औषध, म्हणून हे नाव. बायको गेली, लेक सासरी लांब. उरलं ते महिन्यातून एकदा या खोलीत भरणारं मंडळ. ज्या सॉफ्टवेअरची आतली घडण कुणीही उघडून बघावी, सुधारावी, त्या ओपन सोर्सच्या वेड्यांचं.

काका एकेकाला फोन करायचे, "येतोयस ना रे?" माणसं कुरकुरत यायची. मग कुरकुर वाढली, माणसं घटली. शेवटी वाचनालयाचे साहेब म्हणाले, "या महिन्यात खोली रिकामी राहिली तर ती नाचाच्या क्लासला देणार."

काकांना वाटलं, फोनचाच जाच होतो लोकांना. म्हणून त्यांनी एक वेब पेज बनवलं. त्यावर छानसं बटण, ‘येणार’. सगळ्यांना लिंक पाठवली आणि फोन करणं बंद केलं.

मंडळाच्या संध्याकाळी खुर्च्या त्यांनी स्वतः पुसल्या. विषय होता, ॲपचा दर्शनी भाग माणसाशी कसा बोलतो. आणि ऐकायला चिटपाखरू नाही.

"बटण कुणी दाबलंच नाही," ते म्हणाले. "कामात असतील."

"बघू ती लिंक," म्हणत मी माझ्या फोनवर उघडली. पांढरी फटक पाटी! काकांनी पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"अरे देवा. हा तर माझ्याच कॉम्प्युटरचा पत्ता! बनवताना घरच्या घरी चालतो, पाठवताना बदलायचा असतो. माझ्याकडे उघडत होतं, म्हणून…"

"म्हणजे आपणच आपल्या घरात बसून आपल्याच दाराची कडी वाजवली!" मला हसू आवरेना. तेही हसले. मग थांबले.

"पण ताई, त्यांनी उघडून पाहिलं असेल ना? एकानंही सांगितलं नाही, की काका, उघडत नाहीये."

माझं डोकंच फिरलं. "एकेकाला आत्ता फोन लावा आणि चांगलं खडसावा!"

त्यांनी फोन हातात घेतला, परत खिशात ठेवला. "दर वेळी मीच का करू?"

मी पहिल्या रांगेत बसले. "चला, सुरू करा. मी ऐकतेय."

"बटण दाबलं की लगेच काहीतरी दिसलं पाहिजे," काका बोलू लागले. "नाहीतर माणसाला वाटतं, पलीकडे कुणीच नाही." मग ते पाणी प्यायले, पुढे बोलले. मला निम्मं कळलं नाही, पण मी उठले नाही. फार वाईट वाटत होतं.

खाली साहेबांनी विचारलं, "आलं होतं का कुणी?"

"आलं होतं की. मी."

"तुम्ही तर इथल्याच, बाई."

"मग काका कुठले?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बरं, आणखी एक महिना. पण शेवटचा."

काका जिन्यात उभे राहून ऐकत होते. दाराशी येऊन घुटमळले. "ताई, पुढच्या वेळी तुम्हाला फोन करू का?"

"मी इथंच असते, काका," मी म्हटलं. "तरी करा."